हँडल सैल धर, भाईदास!

किस्से चिंध्यांसारखे साठतात. सुरतेत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. साड्या देशभर जातात आणि आपल्या गल्लीत उरतात त्या चिंध्या. फेकवत नाहीत, कधीतरी कामाला येतील असं वाटतं, आणि कामाला काही येत नाहीत. आमच्या पर्वत पाटिया भागातल्या टोळक्याचे किस्से तसेच. चार जण भेटले की कुणीतरी एक चिंधी ओढतो आणि तिच्यामागून पोतंच्या पोतं बाहेर येतं! लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू? हसून झालं की हल्ली माझं डोकं फिरतं.

तरी सांगतो. ऐका.

* * *

प्लेगच्या साथीत गावाकडे पळालेली माणसं परत आली, लूम पुन्हा खडखडायला लागले, त्याच्याच पुढेमागे जयंतीकाकांनी व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं. पार्लर कसलं, पत्र्याचा गाळा! आत कपाटाएवढ्या मशीन. प्रत्येकीला एक हँडल आणि बाजूला बटणं. नाणं टाकलं की पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना बदडायला लागायचे. पाळी सुटली की आम्ही सगळे तिथे. मी मिलमध्ये फोल्डिंगला होतो, रघू लूम चालवायचा, महेश कॉलेजात, आणि भाईदास बीम जोडायचा. त्याचं पुढे सांगतो.

गेम एवढी फास्ट की विचारू नका. डोळा हलायच्या आत बटण दाबायचं. थोड्याच वेळात मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून यायचा, मूठ उघडायची नाही.

एकदा रघू खेळता खेळता ओरडलाच, "मेलो मेलो, हात गेला!" जयंतीकाका गल्ला सोडून धावत आले. आम्हाला वाटलं, काय माणूस आहे! गिऱ्हाइकावर केवढा जीव! काकांनी रघूला बाजूला सारलं, हँडल चारी बाजूंना हलवून बघितलं, एकेक बटण दाबून बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

"हाथ तूटे तो चालशे," ते म्हणाले, "हेन्डल न तूटवुं जोईए!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी. गुजरातीत, हिंदीत आणि आमच्यासाठी मोडक्या मराठीत: 'हँडल सैल धरा'. हाताची काळजी कशी घ्यायची याचा पहिला धडा आम्हाला हँडलची काळजी करणाऱ्याने दिला. आणि गंमत म्हणजे धडा बरोबर होता.

* * *

रघू बीडकडचा. दांडगा. बटण बोटाने दाबायचं असतं हे त्याला मान्यच नव्हतं, तो बुक्की घालायचा. शेवटी मनगट सुजून भाकरीएवढं झालं. भेस्तानला एक हाडवैद्य होता, त्याच्याकडे नेलं. त्याने पाला वाटून लेप दिला, फडक्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि बजावलं, "सूज उतरेपर्यंत हात हलवायचा नाही."

रघू शब्दाचा पक्का! पार्लरमध्ये आला तर झोळीत हात. चहा प्यायचा तो डाव्या हाताने. घरी पाण्याची बादली उचलायची वेळ आली की झोळीकडे बोट दाखवायचा.

आठवडाभराने त्याची बायको चिडून पार्लरच्या दारात आली. "भावजी, तुमीच सांगा," मला म्हणाली, "ह्ये कारखान्याच्या गेटाशी झोळी काढून खिशात घालतेत. दिसभर त्याच हातानं लूम चालवतेत. सुटले की गेटाबाहेर पुन्यांदा गळ्यात! दुखणं बी पाळी सुटल्यावरच येतंय व्हय?"

आम्ही हसून हसून लोळलो. रघू तेवढा हसला नाही. म्हणाला, "आरं, झोळी घालून गेलो तर आत कोन घेतंय मला? हात आराम करंल, पन मग मला बी आरामच करावा लागंल की!"

तिला हे पटलं असावं. त्या दिवसापासून बादली स्वतःच उचलायला लागली.

* * *

आता भाईदास. अमळनेरकडचा, अंगाने किडकिडीत, बोलायला गोड. त्याचं काम ऐकून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लूमवरचा बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की नवा बीम चढवतात. जुन्या बीमची प्रत्येक तार नव्या बीमच्या तारेला जोडावी लागते. एक माणूस तारा काढून देतो, दुसरा बोटांना राख लावून अंगठ्याच्या चिमटीत दोन्ही टोकांना पीळ मारतो. एक झाली की पुढची. हजारो तारा! लूमच्या मागच्या बोळकांडीत वाकून बसायचं आणि पीळ, पीळ, पीळ. बीम जोडला जाईपर्यंत लूम बंद, आणि लूम बंद म्हणजे शेठचा जीव टांगणीला. तेव्हा शेठ डोक्यावर उभा. भाईदास पीळ मारणारा होता. त्याचं घर, बायको, कोसाडची भाड्याची खोली, गावाकडची म्हातारा-म्हातारी, सगळं त्या उजव्या अंगठ्यावर उभं होतं.

आणि तो अंगठा दुखायला लागला.

"गेम खेयीखेयी दुखस भो," तो सगळ्यांना सांगायचा. पार्लरमध्ये सांगायचा, टपरीवर सांगायचा, कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

महेशला एवढंच पाहिजे होतं. हा नागपूरकडचा, बाप बांधकामावर मुकादम, पण पोरगा इंग्रजी मासिकं वाचायचा. कुठल्यातरी मासिकात त्याने वाचलं होतं की गेम खेळताना हात कसा सांभाळावा. त्याने आमचा क्लासच घेतला! मनगट वाकवायचं नाही, सरळ ठेवायचं. कोपर हवेत नको, टेकलेलं पाहिजे. स्टूल एवढं उंच की खांदे वर चढायला नकोत. मूठ सैल. आणि मुख्य म्हणजे थोड्या थोड्या वेळाने थांबायचं, बोटं पसरायची, हात झटकायचा, मग पुढे खेळायचं.

आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. भाईदासने मात्र पोथी ऐकावी तसं ऐकलं. मग विचारलं, "थांबानं ते ठीक शे. पन थांबेल कोनले दिसाले नको, अशी काही ट्रिक शे का त्या पुस्तकमा?"

महेश गोंधळला. "अरे बावा, थांबलेलं दिसलं तर काय बिघडते? गेम तुझी, नाणं तुझं!"

"हां," भाईदास म्हणाला, "गेम मन्ही शे."

आम्ही टाळ्या दिल्या. हा माणूस गेममध्ये थांबायलाही लाजतो म्हणून कितीतरी दिवस त्याची थट्टा केली. आम्हाला कळायला पाहिजे होतं, पण अक्कल काही बाजारात मिळत नाही.

* * *

मग बामचं प्रकरण. रघूने गावाहून एक पिवळा बाम आणला. वास असा की माशी दारातूनच परत फिरावी. सगळ्यांनी मनगटाला चोळला आणि खेळायला बसलो. बाम हँडलला लागला, हँडलवरून पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाताला, आणि त्या बिचाऱ्याने घाम पुसायला हात डोळ्याकडे नेला! पडद्यावरचा पैलवान नंतर आडवा झाला, हा आधी झाला. जयंतीकाकांनी त्याचे डोळे धुतले, मग हँडल धुतलं, आणि जाहीर केलं, "बाम लगाडनार ने नो एन्ट्री!"

एवढ्यावर सुटलं असतं तर बरं होतं. भाईदास पहाटे तोच बाम अंगठ्याला चोळून कामावर गेला. बामाचं तेल चिमटीला, चिमटीचं तारांना. पांढऱ्या ताण्यावर पिवळे डाग पडले. शेठने आबांना बोलावलं. आबा म्हणजे भाईदासच्या बीम जोडणाऱ्या टोळीचे मुकादम, त्याच्याच गावचे, नात्याने चुलत चुलते. भाईदासला सुरतेत आणलं ते आबांनीच. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला म्हणू? पण शेठपुढे त्यांची कंबर आपोआप वाकायची.

आबांनी भाईदासला सगळ्यांसमोर झापलं. "हात दुखस ना? मंग सुटी व्हयनी का लाव बाम! कामवर येवाना पहिले साबननी धोयी टाक!"

म्हणजे असं बघा. दुखतो तेव्हा औषध धुऊन काढायचं, आणि काम संपलं की औषध लावायचं. भाईदास रोज तेच करायचा. लाइफबॉयसारखा लाल साबण खिशात घेऊन फिरायचा. आम्ही त्याला डॉक्टर म्हणायला लागलो.

* * *

छोटासाच किस्सा, पण सांगायला पाहिजे.

एका संध्याकाळी मी पार्लरमध्ये लवकर पोचलो. भाईदास दाराकडच्या कोपऱ्यातल्या मशीनसमोर एकटा. बसला होता अगदी महेशच्या शिकवणीप्रमाणे. मनगट सरळ, कोपर टेकलेलं, मूठ सैल. मी मागे जाऊन उभा राहिलो. पैलवान जोरात मारामारी करत होते. भाईदासचा हात मात्र हलतच नव्हता!

नीट बघितलं तर कळलं. नाणं टाकलेलंच नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की मशीन आपली आपणच खेळून दाखवते, तसं चाललं होतं. हा नुसता हँडल धरून बसलेला, तोंड रस्त्याकडे.

जयंतीकाकांनी गल्ल्यावरूनच बघितलं. "अल्या, पहेलां कॉइन नाख, पछी हेन्डल पकड!"

"काका, इसको तो मैं मशीनसे भी अच्छा हराता," भाईदास हसून म्हणाला. मीही हसलो. चिक्कू आहे लेकाचा, एवढंच मनात आलं. महिनाभर 'फुकट चॅम्पियन' हे नाव त्याला चिकटलं, आणि त्यानेही ते आवडल्यासारखं दाखवलं.

* * *

हात काही बरा होईना. सगळ्यात शहाण्यासारखा खेळणारा तो, आणि सगळ्यात वाईट हात त्याचा! बुक्क्या घालणारा रघू ठणठणीत. महेश तर वैतागला. "मासिकात चुकीचं छापलंय," म्हणाला.

एके दिवशी आबा स्वतः पार्लरमध्ये आले. धोतर, टोपी, हातात छत्री. आयुष्यात पहिल्यांदा असल्या जागेत पाय टाकत असावेत. मशीनच्या आवाजाने दचकले, मग त्याचाही राग आला. छत्रीचं टोक मशीनवर आपटून ओरडले, "हाई! ह्या पेटीनी मन्हा चांगला मानूसना हात खाई टाका!"

जयंतीकाका मशीन वाचवायला आडवे झाले. आबांनी भाईदासला पुढे घेतलं. "ह्या जागावर आन घे. कानबाईनी आन. आजपासून गेमले हात लावाना नही."

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी माणसांची घरची देवी. तिची आन म्हणजे चेष्टा नाही. भाईदासने दोन्ही हात जोडले, उजवा अंगठा जोडताना ताठच राहिला, आणि आन घेतली. आबांचा चेहरा उजळला. "आते दख," आम्हाला म्हणाले, "गेम सुटनी का हात बरा. मी शेठले सांगी येस." बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना चहा पाजला!

आम्हाला वाईट वाटलं. एवढा शौकीन खेळाडू, आणि अशी हात तोडल्यासारखी आन. त्याचं सांत्वन करावं म्हणून मी पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो. म्हटलं, "भाईदास, मनाला लावून घेऊ नको. देवीला सांगून कधीतरी सोडवून घेता येते आन."

तो थांबला. इकडेतिकडे बघितलं.

"मी कोठे खेयस रे?" म्हणाला. "माले तर ती गेम आवडतबी नही. डोकं दुखस."

"मग रोज पार्लरमध्ये कशाला येतोस?" मी विचारलं.

"असं दख," तो सांगायला लागला, एकदम शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं. "गेमनी दुखस म्हनं, का लोक शिव्या देतस. शिव्या देतस आनि काम देतस. सोडी दी का बरा व्हई, असं म्हनतस. बीमनी दुखस म्हनं, का मंग काय? अंगठा गया. अंगठा गयेल मानूसले कोनती टोळी बसाडस? कोनतीच नही. म्हनीसन मी रोज पार्लरमा येस. आबानी वाटवर शे ना ते."

"आणि आता?" मी विचारलं. "आता तर आन घेतलीस."

"आते काय," तो म्हणाला. "आते बरा व्हवाले पाहिजे."

मला आजही राग येतो. आबांवर येतो, शेठवर येतो, आणि सगळ्यात जास्त त्या मासिकावर येतो. मनगट सरळ ठेवा, कोपर टेकवा, मध्ये मध्ये थांबा! सगळं खरं, सगळं शास्त्रशुद्ध, आणि सगळं पोराटोरांच्या खेळासाठी. लूमच्या मागच्या बोळकांडीत कोपर कुठे टेकवायचं, हे त्यात कुणी छापलं नव्हतं.

* * *

हात अर्थातच बरा झाला नाही. गेम सोडून कितीतरी दिवस झाले तरी पिळलेल्या तारा सुटायला लागल्या. लूम सुरू केला की ताण्यात भोकं पडायची. आबांनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. टोळीत रीतच होती, ज्याचा अंगठा जातो त्याची जागा त्याच्या सख्ख्या भावाला. घरची जागा घरातच राहते! आबांनी गावाकडून गुलाबला आणवलं. भाईदासला एका कापड मार्केटच्या गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायला. लोक आबांना दुवा द्यायचे.

गुलाब म्हणजे भाईदासचीच कॉपी, फक्त अंगाने भरलेला. नुकतंच लग्न झालेलं. बायको आणली होती कोसाडच्या त्याच खोलीत, मध्ये पडदा टाकून. हात असा चालायचा की शेठसुद्धा डोक्यावर उभं राहायचं सोडून खुर्चीत बसायला लागला. टोळीवाले म्हणायचे, भाईदासपेक्षा गुलाबचा पीळ पक्का. भाईदास हे ऐकून खूश व्हायचा.

पार्लरमध्ये भाईदास पुन्हा आला नव्हता. आन ती आन. मग एका संध्याकाळी आम्ही सगळे होतो. रघू मशीन बडवत होता, महेश त्याला शिकवत होता, जयंतीकाका हँडलकडे बघत होते, आणि दारातून भाईदास आत आला. मागे गुलाब.

"अरे, फुकट चॅम्पियन!" रघू ओरडला. "आन मोडलीस का काय?"

"मी नही खेयाव," भाईदास म्हणाला. "हाऊ खेयी."

जयंतीकाकांना नवं गिऱ्हाईक म्हणजे दिवाळी. त्यांनी स्टूल पुसून दिलं. भाईदासने दारातून दिसेल अशी पुढची मशीन निवडली. गुलाबला बसवलं, स्टूल पुढे ओढलं, त्याचं कोपर फळीवर टेकवलं, मनगट सरळ केलं. मग हँडलवरची त्याची मूठ एकेक बोट उघडून सैल केली. तेव्हा मला दिसलं. गुलाबच्या उजव्या अंगठ्याला बायकोच्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती.

भाईदासने खिशातून नाणं काढून मशीनमध्ये टाकलं. पडद्यावर पैलवान उड्या मारायला लागले. गुलाब घाबरून हँडल धरून बसला.

"दादा, माले हाई येत नही," तो म्हणाला.

भाईदासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराबाहेर बघितलं.

"येवानं काम नही," तो म्हणाला. "समोर चहाना टपरीवर आबा बठेल शेतस. त्यास्ले दिसू दे."